वाकून न जाणारं पान

“चार माणसांना दिसेल असं काम अंगावर घेऊ नकोस, मातायो. मागच्या अंगणात जा, दगड तापव, अळूचे कांदे सोल, डुक्कर भाजायला घाल. मागे काम करणाऱ्याला धूर लागतो, पण नावं ठेवायला कोणी तिथवर येत नाही.”

मातायोची आई हे सांगायची तेव्हा तिच्या हातात बहुधा झाडू असायचा, त्यामुळे ते मनावर चांगलं ठसायचं. आई देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, ठसा हळूहळू पुसट झाला, आणि मालाएतोआ गावच्या चर्च-समितीच्या बैठकीत एका रविवारी दुपारी तो पुरता पुसला गेला.

नवं चर्च बांधून होत आलं होतं. अर्पणसोहळ्याला ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेन इथले नातलग आधी विमानाने आणि मग बोटीने यायचे होते. त्यांच्यातल्या कोणीतरी कळवलं की गावाचं एक संकेतस्थळ असावं, म्हणजे तिकडे वाढलेल्या पोरांना आपलं घराणं कोणतं, घराण्याचा प्रमुख, म्हणजे आपला मताई, कोण, हे निदान बोटाने दाबून तरी कळेल. हे कोण करील, असं पाळकांनी विचारलं. सगळ्यांनी चटईच्या विणीकडे पाहायला सुरुवात केली. तेवढ्यात मातायोचा चुलतभाऊ आपेलू याने तोंड उघडलं. ते बोलण्यासाठी उघडलं होतं की जांभईसाठी, हे आजतागायत ठरलेलं नाही. पण मातायोला संशय आला, आणि त्याचा हात वर गेला.

संशयाला कारण होतं. मातायोचे वडील वारल्यापासून त्यांच्या घराण्याचं मताईपद रिकामं होतं. पद रिकामं म्हणजे सभागृहातला त्या घराण्याचा खांब रिकामा. बाकीचे मताई आपापल्या खांबाला पाठ टेकून बसत आणि त्या एका खांबाला फक्त पाल टेकून असे. घरच्या वडीलधाऱ्यांनी मातायोचं नाव काढलं होतं. पण आपेलूचंही नाव कोणीतरी हळूच पुढे ढकलत होतं, आणि शेवटचा होकार मताईंच्या सभेचा. सभा म्हणाली होती, सोहळा होऊ दे, मग बघू. ‘मग बघू’ याचा अर्थ ‘तोवर तुलाच बघतो’ असा असतो, हे मातायो जाणून होता. चाळिशी उलटलेली, पाणीपुरवठा कार्यालयात टेबल-खुर्ची, बायको शाळेत शिक्षिका, आणि तरी पंगतीत मताईंना वाढायला उभं राहायचं. हे त्याला आत कुठेतरी सलत असे. तो खांब त्याला हवा होता. वडिलांची पाठ टेकून टेकून त्या लाकडावर एक गुळगुळीत जागा झाली होती. वाढताना तो तिच्याकडे बघायचा आणि पातेलं कलतं धरायचा.

घरी आल्यावर फेतूने, म्हणजे त्याच्या बायकोने, एवढंच विचारलं की संकेतस्थळ करता येतं का. मातायो म्हणाला की कार्यालयातलं पाण्याच्या तक्रारींचं पान त्यानेच बसवलं आहे. ते उघडत नाही, असं फेतू म्हणाली. मातायोने मान्य केलं, पण तक्रारीही थांबल्या आहेत याकडे तिचं लक्ष वेधलं.

आता गावात जो तो असं धरून चालला होता की भांडण होणार ते घराण्यांच्या क्रमावरून. कोणाचं नाव आधी, कोणाचं नंतर, यावरून या बेटावर लग्नं मोडली आहेत. मातायो त्याबाबतीत सावध होता. तो सरळ उलूगालूंकडे गेला. उलूगालू गावचे वक्ते मताई. सभेत बोलायचं काम त्यांचं, आणि बोलून झाल्यावर कोणी काही बोलू नये हे पाहायचं कामही त्यांचंच. त्यांनी डोळे मिटून गावाची सगळी घराणी क्रमाने सांगितली, मातायोने तशीच्या तशी पानावर उतरवली. उलूगालूंचं घराणं सगळ्यात शेवटी, कारण शेवटचा शब्द त्यांचा. क्रमात कोणालाही बोट ठेवायला जागा सापडली नाही. काही जण त्यामुळे नाराजही झाले.

पान एकच होतं, लांबलचक. वर घराण्यांची नावं, खाली एकेका घराण्याचा मजकूर, मताईंचा फोटो, घराचा फोटो. वरच्या नावावर बोट ठेवलं की पान खाली त्या घराण्यापर्यंत जायचं. मातायोने त्यात एक ओळ घातली होती, ‘सावकाश सरक’ अशा अर्थाची. त्यामुळे पान झटकन उडी न मारता, मधली घराणी एकेक दाखवत, सुरूच्या झाडांतून वारा जावा तसं खाली जात असे. ही ओळ त्याने कुठूनतरी उचलली होती आणि ती चालली याचं त्यालाच आश्चर्य वाटलं होतं.

उलूगालूंनी ते मातायोच्या फोनवर पाहिलं. स्वतःच्या घराण्यावर बोट ठेवलं. पान सगळ्या गावासमोरून हळूहळू सरकत त्यांच्यापाशी येऊन थांबलं. उलूगालू फोनकडे बघत राहिले.

“हे पान चांगल्या घरातलं आहे,” मग ते म्हणाले. “बसलेल्या माणसांसमोरून वाकून जातं.”

बसलेल्या माणसांसमोरून जायचं तर कमरेत वाकायचं, हात जमिनीकडे न्यायचा आणि हलक्या आवाजात ‘तुलोउ’ म्हणायचं, म्हणजे माफी असावी. गावातलं मूल चालायला लागल्यावर पडतं ते बहुतेक यातूनच. पान वाकावं हे मातायोच्या डोक्यातही आलेलं नव्हतं. ते दिसायला बरं दिसतं म्हणून त्याने ती ओळ ठेवली होती. पण वडीलधाऱ्याने केलेली स्तुती खोडून काढणं हा उद्धटपणा, म्हणून त्याने मान खाली घालून ती घेतली. व्रत धरताना असंच होतं. धरायला एक नारळ पुरतो; पाळायचं म्हटलं की सगळं घर कामाला लागतं.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजेपर्यंत गावभर झालं होतं, की मातायोचं पान तुलोउ म्हणतं.

मग उलूगालूंनी ते आपल्या स्वतःच्या टॅबलेटवर उघडलं. ही पाटी त्यांच्या मुलीने ऑकलंडहून पाठवली होती. तिने नवी घेतली तेव्हा जुनी वडिलांच्या वाट्याला आली, जशा सगळ्या जुन्या वस्तू येतात. त्यांनी आपल्या घराण्यावर बोट ठेवलं आणि पान एकदम तिथे हजर झालं. मधलं कोणी दिसलंच नाही. थोरल्या मताईंच्या डोक्यावरून, पाळकांच्या डोक्यावरून, सगळ्या गावाच्या डोक्यावरून टुणकन उडी. उलूगालूंनी पुन्हा दाबलं. पुन्हा उडी. घरातल्या माणसांनी नंतर सांगितलं की त्यांनी पाटी चटईवर पालथी ठेवली आणि तिच्यावर टॉवेल टाकला.

दुसऱ्या दिवसापासून गाव मोबाइल हातात घेऊन बसलं. काहींच्या फोनवर पान सरकत होतं, काहींच्या फोनवर उडत होतं. ज्यांच्याकडे सरकत होतं ते म्हणत, उडतं म्हणणारे खोटं बोलतात. ज्यांच्याकडे उडत होतं ते काही म्हणत नव्हते. ते मोजत होते. मोजल्यावर असं निघालं की फेतूच्या माहेरी सरकतं. तिच्या दोन्ही भावांकडे सरकतं, वहिनीकडे सरकतं, आणि वहिनीच्या आईकडे तर इतकं छान सरकतं की ती ते बघायला शेजारणींना बोलावते. फेतूचा भाऊ सिडनीला असतो, त्याने सगळ्यांना नवे फोन आणले आहेत, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते एवढंच, की मातायोचं पान सासरवाडीसमोर वाकतं आणि बाकीच्यांच्या डोक्यावरून उडतं.

महिला समितीच्या चटया विणायच्या बैठकीत फेतू शिरली की गप्पा थांबायच्या. ती घरी येऊन म्हणाली, “आज मला सगळ्यांनी सरकून जागा दिली. फार सावकाश सरकल्या.”

मातायोचं म्हणाल तर त्याचा संशय कधीच ठरला होता. ज्यांच्या फोनवर पान उडत होतं त्यांची नावं त्याने मनात फिरवली, आणि त्याला दिसलं की ते जवळजवळ सगळे फोन आपेलूच्या दुकानातून आलेले आहेत. आपेलू रस्त्यावर दुकान चालवायचा. साबण, डब्यातली मासळी, काडेपेट्या, आणि काचेच्या कपाटात जुने फोन. तो फोन विकताना आत काहीतरी करून ठेवतो, मातायोने मनात पक्कं केलं. खांब हवा असलेला माणूस काय करणार नाही?

तो काडेपेटी घ्यायच्या निमित्ताने गेला. कपाटासमोर तो जरुरीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. आपेलू हिशेबाशिवाय कशातच घाई करत नसे. त्याने आरामात काडेपेटी काढली.

“भावा, कपाटात बघायचं तर बघ. फोन लाजत नाहीत.”

मातायोने सहज विचारल्यासारखं विचारलं, की हे फोन विकण्याआधी उघडतोस का.

“उघडतो ना. आधीच्या मालकाचे फोटो काढून टाकतो. माझ्या दुकानातले फोन म्हातारे असतात, पण सरळमार्गी असतात.” मग काउंटरवर कोपर टेकून तो म्हणाला, “तुझं पान आमच्या म्हाताऱ्यांना ओळखत नाही म्हणे.”

या वाक्यात ‘आमच्या’ शब्दावर भर होता की ‘म्हाताऱ्यांना’वर, हा विचार करत मातायो घरी आला आणि काडेपेटी दुकानातच राहिली.

शेवटी फेतूनेच राजधानीत, आपियात, एका ओळखीच्या बाईला फोन लावला. ती संगणकाची शिकवणी घ्यायची. तिने फार शांतपणे सांगितलं की यात कोणाचा हात नाही. ज्या खिडकीतून पान दिसतं तो ब्राउझर. नव्या ब्राउझरला ‘सावकाश सरक’ ही ओळ कळते, जुन्याला कळत नाही. मग तो काय करतो? काही नाही. तक्रार करत नाही, विचारत नाही, ओळ गाळतो आणि पुढे जातो. मातायो कार्यालयात पंधरवड्यातून एकदा तरी हेच करत असे. त्याला ते चटकन पटलं. बाई म्हणाल्या, जुन्यांसाठी सरकण्याचं काम हाताने लिहून द्यावं लागेल. पान थोडं हलव, थांब, पुन्हा थोडं हलव, असं इतक्या झपाझप की डोळ्याला ते सरकणंच वाटावं.

हे लिहायला आणि तपासायला एखादं जुनं यंत्र हवं होतं. मातायोच्या कार्यालयातला संगणक इतका जुना होता की तो बदलण्यासाठी केलेला अर्जही जीर्ण झाला होता. मातायोने आजवर त्या संगणकाला पुष्कळ बोल लावले होते. आता तो जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे देव्हाऱ्यासमोर बसावं तसा बसू लागला. साहेबांच्या नजरेतून हे सुटलं नाही. एरवी सुट्टी लांबवणारा कारकून सुट्टीत काम करतो आहे म्हटल्यावर कोणत्या साहेबाला शंका येणार नाही? ते मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर कोणीतरी मताई हळूहळू वर चालले होते.

साहेबांनी विचारलं की हे पाणीपुरवठ्याच्या कामात कुठे बसतं. मातायोला सुचलं ते तो बोलून गेला, की पाणीसुद्धा वरून खालीच सरकतं, साहेब. साहेबांनी त्यावर विचार केला आणि लेखी परवानगी मागायला सांगितलं. अर्जात ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं हे कार्यालयात कोणालाच ठरवता येईना. ‘पान सरकताना पाहणे’ असं लिहिलं तर साहेब म्हणाले, याला कामचुकारपणाचा वास येतो. शेवटी ‘उतारावरील प्रवाहाची पाहणी’ असं लिहून काम भागवलं. त्या अर्जाची एक प्रत मुख्य कार्यालयात गेली, आणि प्रवाहात कुठे गळती आहे का, अशी विचारणा तिथून अजूनही अधूनमधून येते.

जुन्या यंत्रावर पान सरकू लागलं. मातायोने घरी डब्यातलं मांस उघडून फेतूला वाढलं, आणि त्याच संध्याकाळी तिच्या भावाचा निरोप आला की त्यांच्या नव्या फोनवर पान हुडहुडी भरल्यासारखं थरथरतंय. नवा ब्राउझर आपल्या रीतीने सरकवत होता आणि वरून मातायोचं हाताने लिहिलेलंही सरकवत होतं. एका पोळपाटावर दोन सुना. सासरवाडीत तर असं बोललं गेलं की आमच्या घराण्यापाशी आलं की जावयाला कापरं भरतं. मग मातायोने त्यात आणखी एक ओळ घातली: आधी ब्राउझरला विचार, तुला सरकवता येतं का; येत असेल तर आम्ही बाजूला होतो. विचारून करावं, हे त्याला आधी का सुचलं नाही, असं फेतू म्हणाली. लग्न झाल्यापासून ती या विषयावर बोलत होती.

एकदाचं सगळं जुळलं. उलूगालूंच्या पाटीवर पान सरकू लागलं. फक्त पाटी इतकी थकलेली, की त्यांनी नाव दाबून आंघोळीला जावं आणि येऊन बघावं तर पान पाळकांच्या घरापर्यंत आलेलं असावं. उलूगालूंना ते फार आवडलं. असंच चालावं, ते म्हणाले, मोठ्या माणसांसमोरून धावतात काय? मातायोने सभागृहातल्या त्या रिकाम्या खांबाकडे पाहिलं. पाल नव्हती. त्याला ते शुभचिन्ह वाटलं.

आणि मग पाळकांच्या पत्नी, पाळकबाई मालिए, यांनी, कोणाचंही वाईट न चिंतता, आपला फोन पुढे केला. बाईंचा फोन गावात सगळ्यात नवा. मुलीने ब्रिस्बेनहून सोहळ्यासाठी पाठवलेला. त्या म्हणाल्या, माझ्याकडे का बरं उडी मारतं? मातायोने दाबून पाहिलं. पानाने टुणकन उडी मारली. ‘जुन्याला कळत नाही, नव्याला कळतं’ हे त्याने गेला आठवडाभर घरोघर सांगितलं होतं, काही घरांत तर बोटांनी चित्र काढून. आता गावातला सगळ्यात नवा फोन, तोही पाळकांच्या घरातला, सगळ्यांच्या देखत त्याला खोटं पाडत होता.

इथे त्याने आपियाच्या बाईंना पुन्हा विचारायला हवं होतं. पण पाळकबाईंच्या मागे आपेलू उभा होता, पीठ घेऊन आलेला, आणि त्याचा चेहरा इतका सरळ होता की मातायोचं डोकं फिरलं. त्याला खात्री पटली की हा फोनसुद्धा कधीतरी त्या दुकानातून फिरून आलाय. घरी जाऊन त्याने विचारण्याची ओळ काढून टाकली आणि नवीन लिहिली: कोणालाही विचारू नकोस, पाळकबाईंच्या घरी सरकवच.

भजनमंडळाची तालीम चालू होती. पाळकबाई मधल्या सुरात होत्या. कोणत्या घराण्याने कोणतं गीत म्हणायचं हे पाहायला त्यांनी फोन काढला, शेवटच्या नावावर बोट ठेवलं, पान सगळ्या गावावरून सरकत चाललं, आणि थोरल्या मताईंपर्यंत पोहोचायच्या आतच बाईंनी शेजारणीचा खांदा धरला. मग त्या खाली बसल्या. मधला सूर खाली बसल्यावर वरचा सूर उघडा पडला आणि गीत कोसळलं. बाईंना पाणी दिलं, लिंबू दिलं. कोणी म्हणालं नीरफणस बाधला. पण बाई खरं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, पान बघितलं आणि गरगरलं.

पान सरकत नाही इथपर्यंत ठीक होतं. पान माणसं पाडतं म्हटल्यावर मताईंची सभा भरली.

सभागृहाला भिंती नसतात. खांब असतात आणि खांबांना मताई. मातायो पायरीपाशी मांडी घालून बसला. सभागृहाच्या मागच्या बाजूला आवा, म्हणजे सभेत प्यायचं मुळांचं पेय, घोळणाऱ्यांत आपेलू होता. मातायोला त्याचा हात पाण्यात चालताना दिसत होता आणि त्यातही काहीतरी संशयास्पद वाटत होतं. त्याच्यासमोर वडिलांचा खांब होता.

उलूगालूंनी खांद्यावरची काथ्याची चवरी, वक्त्याची खूण, दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि घडलेलं सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडून ते फार वाईट वाटत होतं. पान आधी चांगलं वागलं, मग उडालं, मग थरथरलं, मग पाळकबाईंना पाडलं. ज्याला एक पान धड चालवता येत नाही त्याच्यामागे एक घराणं कसं चालायचं, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांनी फक्त रिकाम्या खांबाकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी पाहिलं.

मान वर न करता तो एवढंच म्हणाला की त्याचा हेतू वाईट नव्हता. हेतूबद्दल सभेने काही विचारलं नव्हतं.

मागून कोणीतरी खाकरलं. आपेलू होता. आवा घोळणाऱ्याने सभेत तोंड उघडू नये, पण आपेलूला एखादी गोष्ट माहीत असली की ती आत ठेवणं हे त्याला शिंक आत ठेवण्याइतकंच जमायचं. उलूगालूंनी भुवई उचलून परवानगी दिली. आपेलूने हात पुसले, पाळकबाईंचा फोन मागितला, आत कुठेकुठे जाऊन एक सेटिंग उघडलं आणि तो दोन्ही हातांनी पुढे धरला.

“इथे ‘हालचाल कमी’ असं ठेवलेलं आहे. फोनने ब्राउझरला सांगून ठेवलंय, की या बाईंसमोर काही सरकवायचं नाही. पान उडी मारत होतं ते म्हणून.”

पाळकबाईंनी तोंडावर हात ठेवला. मुलीनेच करून दिलं होतं, त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी फोनातली चित्रं हलताना बघून बोटीत होतं तसंच झालं होतं त्यांना. बोटीत त्यांना काय होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोटीत त्यांच्या शेजारी फक्त पाळक बसायचे.

“म्हणजे फोनने बाईंची काळजी घेतली,” आपेलू म्हणाला, “आणि माझ्या भावाने ती काढून टाकली.”

हे त्याने वाचवण्यासाठी म्हटलं की बुडवण्यासाठी, हे मातायोला तेव्हा कळलं नाही, आणि पुढेही कळलं नाही. पण एक कळलं, की पान कोणी बिघडवलेलं नव्हतं. जुना ब्राउझर अडाणी होता म्हणून उडी मारत होता, आणि हा शहाणा होता म्हणून.

उलूगालूंनी चवरी मांडीवर ठेवली. “पान वाकलं तर बाई पडतात,” ते म्हणाले, “आणि नाही वाकलं तर आमची डोकी तुडवली जातात. मातायो, आता तूच सांग.”

बाहेर एक डुक्कर चर्चच्या भिंतीला अंग घासत होतं. मातायोला आपियाची बाई आठवली, सासरवाडीचे फोन आठवले, अर्जातला प्रवाह आठवला. त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ना आपेलूचा संशय येत होता, ना सभेचा. डोकं रिकामं होतं, आणि त्यातून जे बाहेर आलं ते ऐकून तो स्वतःच दचकला.

“आपल्या शहाणपणापुढे माझं काय चालणार,” तो म्हणाला. “पण पानाला सगळीकडे वाकता येणार नाही. बाईंच्या फोनवर ते उडीच मारील, आणि मारू द्यावी. जिथे पान वाकणार नाही तिथे मी वाकेन. बाईंनी ज्या घराण्याचं नाव दाबलं, तिथवर, मधल्या एकेका घरासमोरून, मी पायी जाईन.”

कोणीतरी हसलं. मग ते हसू अर्ध्यातच थांबलं, कारण उलूगालू हसले नव्हते. ते मातायोकडे बघत होते, पहिल्या दिवशी फोनकडे बघत होते तसे.

“खांबाला टेकायला पाठ लागते,” ते म्हणाले. “ती वाकते की नाही हे आधी बघावं लागतं. आमचं बघून झालं.”

सोहळ्याच्या दिवशी त्याने त्या खांबापाशी बसावं असं ठरलं. झालेल्या उड्यांबद्दल एक गाभण डुकरीण दंड म्हणून द्यावी, असंही ठरलं. सभा दोन्ही गोष्टी एकाच आवाजात ठरवते. आवा फिरला. आपेलूने वाटी हातात देताना मातायोच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, “जप, भावा, जमीन ओली आहे.” मातायोने वाटीत आधी डोकावून पाहिलं, मग प्यायला.

घरी फेतूने सगळं ऐकून घेतलं. वाकायचं ते सोहळ्यापर्यंत की कायमचं, एवढंच तिने विचारलं. मातायो म्हणाला, तसं काही बोलणं झालं नाही. मग कायमचं, असं म्हणून तिने त्याचा निळा लावालावा, कमरेला गुंडाळायचं वस्त्र, दोरीवर वाळत घातला. काळ्यावर धूळ दिसली असती.

पाळकबाई खरं बोलणाऱ्या, त्यामुळे नाव दाबलं की त्या कळवायच्या. बहुतेक वेळा जवळचंच एखादं घराणं असायचं. मातायो पानात विचारण्याची ओळ पुन्हा घालून बसला होता. पान कोणाकडे सरकत होतं, कोणाकडे फारच सावकाश, कोणाकडे उडी मारत होतं. ज्याला जे झेपेल ते. त्यातल्या उड्यांचं काम त्याच्याकडे होतं.

एका दुपारी तो नुकताच जेवून पाय पसरत होता, नारळाच्या दुधातल्या अळूच्या पानांनी डोळे जड झाले होते, तेवढ्यात फेतू दारात येऊन म्हणाली, पाळकबाईंचा निरोप आहे.

“कोणतं?”

“शेवटचं.”

शेवटचं म्हणजे उलूगालूंचं. म्हणजे सगळं गाव, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मातायोने समोर पाहिलं. मैदानाच्या कडेने घरोघरी मताई सावलीत बसले होते. आपेलूच्या दुकानाच्या पायरीवरही माणसं जमलेली दिसत होती, आणि ती नेहमीपेक्षा जास्त आहेत असं त्याला वाटलं.

“मला संशय येतो,” तो म्हणाला, “बाई मुद्दाम दाबतात.”

“मलाही येतो,” फेतू म्हणाली.

घेतला वसा. मातायो उठला, तोंडावर पाणी मारलं, निळा लावालावा नीट खोचला आणि रस्त्याला लागला. पहिलं घर आलं तसा तो कमरेत वाकला, उजवा हात त्याने गवतापर्यंत खाली नेला, आणि फक्त आत बसलेल्यांनाच ऐकू जाईल इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, “तुलोउ.”